बेवड्याची बाजू

“ही डेअरी हाय, बेवड्याला सांभाळायची धर्मशाळा न्हाई,” चेअरमन कारभारी संचालकांच्या बैठकीत म्हणाले. समोर उभ्या असलेल्या कल्याणकडे त्यांनी नजरही टाकली नाही.

कल्याण व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हाच डेअरीनं त्याला दुधाचा टेम्पो चालवायच्या कामावरून काढलं होतं. आज त्याची बाजू मांडायला केंद्रातल्या समुपदेशक मोनिका मॅडम आल्या होत्या. सख्ख्या भावानं यायला नकार दिला होता. मॅडम आपणहून आल्या.

“साहेब, कायदा व्यसनाला आजार धरतो,” त्या म्हणाल्या. “टीबीवर उपचार घेतले म्हणून कुणाला काढलं असतंत का?”

“टीबीवाला गटारात लोळत न्हाई. ह्यो उद्या ढोसून आला तर?”

“आले तर काढा. आज ते शुद्धीवर आहेत. उपचार घेतले म्हणून काढलं, असं तुमच्या सहीनं लिहून द्या. पुढचं मी कोर्टात बघते.”

संचालक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. सही म्हटल्यावर सगळेच बिचकले.

“टेम्पोवर घेनार न्हाई,” कारभारी शेवटी गुरगुरले.

“टेम्पो नकोच, साहेब,” कल्याण घाईनं म्हणाला. “मी कॅन धुतो.”

“धू मग. पन एक दिस जरी वास आला, तर लाथ घालून हाकलीन.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर कल्याणला रडू आवरेना. या बाईपुढं त्याला लाज वाटत नव्हती. केंद्रातल्या बंद खोलीत त्यानं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. बायकोलाही कधी न सांगितलेलं. ते ऐकल्यावर पाणी प्यायला म्हणून उठल्या, त्या बऱ्याच वेळानं परतल्या होत्या.

तो पाया पडायला वाकला. मॅडम झटकन मागं सरकल्या.

“तुमी देवमानूस हाय, मॅडम. पन दारू सुटल्यापासून झोप न्हाई बगा. डोळं मिटलं की टेम्पोखाली आलेला त्यो सायकलवाला दिसतो. मी थांबलोच न्हाई. पीत हुतो तवर कायबी दिसत नव्हतं.”

“माहीत आहे मला,” मोनिका म्हणाल्या. “म्हणून तर तुला पुन्हा पिऊ देणार नाही. तो माझा नवरा होता.”