काळाभोर बंपर

तेजीनं ज्योतीचा झोत फेकणारी गॅसची बत्ती पेटवली आणि ज्योत थेट जुन्या पिकअपच्या प्लास्टिकच्या बंपरवर धरली.

अण्णा बादली घेऊनच धावले. "कार्टे, गाडी जाळतीस का काय?" अख्खी बादली तेजीच्या डोक्यावर रिकामी झाली, बत्ती विझली.

"जाळत नाय, काळी करतीय! प्लास्टिकला वरवर आच दिली की मूळचा काळा रंग परत येतो!" तेजी भडकली. "बंपर पांढराफटक पडला म्हणून उद्या ताईच्या पाठवणीला भाड्याची कार सांगितलीत ना? आम्ही दोघी ह्या पिकअपमधेच वाढलो. ताई हिच्यातनंच जाणार. आधी बघा तरी!"

अण्णांनी बघितलं. ज्योत फिरली होती तेवढा बंपर नव्या गाडीसारखा काळाभोर झाला होता. बोट घासलं, तर बोटाला रंगबिंग काही नाही. मग त्यांनीच बत्ती पेटवली आणि दारांच्या पट्ट्यांच्या मागं लागले. एकेक पट्टी काळी झाली की लहान पोरागत खिदळायचे.

तो दंगा ऐकून हळदीनं माखलेली ताई पळत आली, ती थेट पुढच्या सीटवर चढून बसली. ओलीचिंब तेजी तिला खेटून.

आई दारातनं ओरडली, "अहो, तुम्ही धरून पुढं तिघं झाली! नवरदेव कुठं बसवायचा?"

"मागं हौद्यात," अण्णा म्हणाले. "दांडी घट्ट धर म्हणावं."