जाड कार्डवाले काका

"पुन्हा तेच काका!" तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने हेडफोन काढून आदळला. "मी 'नमस्कार' म्हणेपर्यंत फोन ठेवला."

प्रिंटर कंपनीच्या मदतकेंद्रात या काकांनी आठवडाभर सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्यांच्या घरच्या प्रिंटरमध्ये जाड कार्ड अडकत होतं. परवा एकाने त्यांना पाऊण तास समजावलं, शेवटी काका "झालं" म्हणाले, आणि थोड्याच वेळात परत फोन! त्यानंतर तर ते कुणाचं ऐकूनच घेत नव्हते. आवाज ऐकायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

"यांना काय मालकाशीच बोलायचंय?" साहेब वैतागले होते.

ती स्वतः आठवडाभर तापाने घरी होती, आजच कामावर आली होती. त्यामुळे काका अजून तिच्या वाट्याला आले नव्हते. पुढचा फोन तिच्याकडे वाजला.

"नमस्कार, काय मदत करू?"

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. मैत्रिणीने पडद्यावरचा काकांचा नंबर ओळखला. आता हे फोन आपटणार, असं तिने खुणेने सांगितलं. तो आपटला नाही.

"कार्ड अडकतंय," काका म्हणाले. "धाकटीच्या लग्नाच्या पत्रिका आहेत. उद्या वाटायला निघायचंय, आणि हे धूड कार्ड गिळायलाच तयार नाही."

तिने खुर्ची पुढे ओढली.

"मागच्या बाजूला एक फट आहे, कार्ड तिथून घाला. पुढून घातलं की त्याला आत वळावं लागतं. जाड कागद तसा वळत नाही."

"फट दिसत नाही."

"कपाळावरचा चष्मा खाली घ्या."

जरा खुडबुड झाली. "हं. दिसली."

मैत्रीण खुदकन हसली. "त्यांच्या घरी कॅमेरा लावलायस का गं?" तिने हळूच विचारलं.

पहिलं कार्ड तिरकं गेलं. मग म्हणे दोन एकदम गेली.

"गठ्ठा नका घालू. एकेक घाला."

"एकेकच घालतोय! मला काय अक्कल नाही?"

"मग ढकलू नका ना! आतलं चाक आपणहून ओढतं. तुम्ही उगाच जोर लावता, म्हणून सगळं बिघडतं."

तिचा आवाज चढलाच. साहेबांनी मान वर करून पाहिलं. ग्राहकावर चिडायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता. नवल म्हणजे काका काही चिडले नाहीत.

"हे मशीनही धाकटीनेच घ्यायला लावलं," ते पुटपुटले. "याच कंपनीचं हवं म्हणून हटून बसली. खरं तर असली कामं मोठीची. ती होती तेव्हा मला घरात साधा स्क्रू फिरवावा लागला नाही."

"आणि आता?" हे विचारायची काही गरज नव्हती.

"आता मीच. माझ्याच तोंडाने घालवलं तिला, बोलणार कुणाला?"

तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

"सेटिंगमध्ये 'जाड कागद' निवडलाय?"

"निवडलाय."

"मग आतलं रबरी चाक ओल्या फडक्याने पुसून घ्या."

"पुसलं," काका लगेच म्हणाले.

इतक्या लगेच ते पुसून होत नाही. एरवी तिने कुणालाही पुन्हा पुसायला लावलं असतं, पण तिने वाद घातला नाही.

"आता कार्ड घाला. आणि हात लावू नका, कृपा करून."

घरघर झाली. आवाज मध्ये कुठे अडखळला नाही.

"आलं का सरळ?"

"आलं."

तिने डोळे मिटून घेतले. प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायचंच असतं, म्हणून तिने विचारलं, "आणखी काही मदत करू?"

"बाकीच्या पत्रिका परवाच छापून झाल्या," काका म्हणाले. "ही एकच राहिली होती. तुझा पत्ता सांग, बाळ."