गोप्याची लस

आमच्या लेकीच्या, ईश्वरीच्या बारशाला आईनं रीतीप्रमाणे वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्याखालून फिरवलं आणि लाडानं त्याला 'गोप्या' म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा पाट्यावर ठेचा वाटू लागला.

ईश्वरी दीड महिन्याची झाली तेव्हा माझ्या मोबाईलवर दवाखान्याचा मेसेज आला : 'ईश्वरी व गोप्या यांना उद्या लसीसाठी आणावे.'

माझी बायको ऋतुजा पोट धरून हसली. आई मात्र म्हणाली, "बोलावलंय तर न्यायला पायजे की." तिनं वरवंटा धुतला, झबल्यात गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली.

सिस्टरांच्या यादीत एकटी ईश्वरीच होती. तिला सुई टोचून झाल्यावर, म्हातारीचं मन राखायला त्यांनी वरवंट्यालाही बोट टेकवलं. "रात्री ताप येईल, घाबरू नका."

संध्याकाळी बारीक कुरकुर ऐकू आली, म्हणून ऋतुजा पाळण्याकडं धावली. ईश्वरी गाढ झोपली होती. ताप अजिबात नव्हता.

"हिकडं ये गं," आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. ती पाट्यापाशी बसली होती. "लेकरू लई तापलंय."

मी वरवंट्याला हात लावला. चटका बसला.

ऋतुजानं टॉवेल भिजवला, पिळून त्याच्यावर ठेवला, आणि कुरकुर थांबली.