हलकी केलेली गाडी

मालगुजारी गेली तरी दुर्गाप्रसादची मोटार तेवढी राहिली होती. दरेकसाच्या डोंगरावर हौशी मंडळींची शर्यत ठरली, तेव्हा चढाला गाडी हलकी राहावी म्हणून त्याने म्हाताऱ्या वडिलांना पायथ्याशीच उतरवलं. "या हळूहळू मागून."

वर इतरांच्या जीपा पुढे निघून गेल्या, त्याची अवजड मोटार शेवटी आली. "उंचावर हवा पातळ राहते, इंजिनाले दम पुरत नाही," तो भेटेल त्याला सांगत राहिला.

परतताना अर्ध्या घाटात वडील दगडावर बसलेले दिसले. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात झेंडूचा हार.

"पोचलोच असतो बाबू," ते म्हणाले, "जरासा दम खाऊन राहिलो."

वर जाताना दुर्गाप्रसाद प्रत्येक वळणावर थांबला होता. इंजिनाला दम खाऊ द्यायला.