पलंगाच्या पोटात

घरातली एक वीतभर जागाही वाया जाता कामा नये, हे आधुनिक गृहरचनेचं आद्य तत्त्व आहे. या तत्त्वाला जागून दादाजी सकाळी साडेनऊ वाजता स्वतःच्या पलंगाच्या पोटात उताणे पडले होते, आणि पलंगावर बिबट बसला होता.

पलंगाची कल्पना सुनेची, डिंपलची. तिनं मोबाइलवर बघून बघून दीड खोलीच्या घरकुलात अडीच खोल्यांचा संसार बसवला होता. भिंतीत मिटणारं टेबल, आरशामागं फडताळ आणि मूल गावच्या मिस्त्रीकडून करून घेतलेला हा पलंग. वर गादी, खाली पेटी. पेटीत रजया, मासोळीचं जाळं आणि सुक्या झिंग्यांचा डबा.

बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, न्यायचं जाळं पार आतल्या कोपऱ्यात होतं. दादाजी गादीसकट झाकण उचलून, त्याला काठीचा टेकू देऊन आत उतरले. गुडघ्यांवर बसून जाळं ओढत असताना मागच्या दारात ठिपके दिसले. फक्त ठिपके. बाकीचं बघायला ते थांबले नाहीत. टेकू त्यांनी स्वतःच्या हातानं काढला.

बिबट घरात शिरला तर आधी दाराची कडी लावायची, माणसं मग मोजायची, असा या भागातला रिवाज. शेजारच्या देवाजीनं दोन्ही दारांना बाहेरून कड्या घातल्या. मग मोजणी झाली.

"बुढा कुठी हाये, ताराबाई?"

"थो तं बोडीवर गेला," दादाजींच्या बायकोचा आवाज आला. "बरं झालं घरी नाई. असता तं काठी घेऊन अंगावर गेला असता."

"हव. दादाजीभाऊ हिंमतीचा माणूस."

हिंमतीच्या माणसानं पेटीत रजईचा कोपरा तोंडात कोंबला.

हवा खेळावी म्हणून मिस्त्रीनं बाजूच्या फळीला रुपयाएवढी चार भोकं पाडली होती. त्यातलं एक एकदम अंधारलं. आत ओला, गरम श्वास आला. झिंग्यांचा डबा नेमका दादाजींच्या कानापाशी होता आणि त्याचं झाकण सैल होतं. ते घट्ट करायला त्यांनी हात नेला. हात लागताच झाकण टणकन पडलं.

भोकात पुन्हा उजेड आला. दुसऱ्या क्षणी वर धप्प झालं. प्लाय करकरली, भुसा डोळ्यांत आला. धानाचं भरलेलं पोतं कोणी वरून सोडावं तसं वाटलं. आता पलंगाचं झाकण उचलायचं तर वरच्यालाही उचलावं लागणार होतं.

जुन्या घरात पळायला एखादा कोपरा तरी मोकळा होता. इथं डिंपलनं एकही सोडला नव्हता.

"केवढा हाये रे?" बाहेर गर्दी वाढली होती.

"पारडूएवढा!"

"पारडू कायचं? म्हशीएवढा हाये. मी खिडकीतून पाह्यला ना!"

"मंग थो बिबट नाई भाऊ. वाघच असंन."

प्रत्येक वाक्यासरशी दादाजींना वरचं ओझं वाढल्यासारखं वाटत होतं. ते श्वास निम्माच घेत होते. पूर्ण घेतला तर छाती प्लायला लागेल अशी भीती.

तासाभरानं जीप आली. वनरक्षकानं खिडकीतून एकदा डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आमचं जाळं दुसऱ्या गावाले गेलं. इथी कोणापाशी हाये का?"

मासे धरणाऱ्या धिवरांच्या मोहल्ल्यात हे विचारणं म्हणजे किराणा दुकानात मीठ आहे का विचारणं. चार जण आपापल्या घराकडे पळाले. ताराबाई मागं कशी राहणार?

"आमचं नवं हाये, साहेब. डिंपल, जाळं कुठी ठेवलं वं?"

"पलंगात," डिंपल म्हणाली. आणि मग तिला सासरे आठवले. "आई... मामाजी थेच काढाले गेलते."

म्हशीएवढा म्हणणाऱ्यानं खिडकी सोडली.

खिडकीशी बांगड्या वाजल्या. "पिंटूचे बाबा," ताराबाई अगदी हळू म्हणाली, "पलंगात हा का तुमी? असान तं ठोका."

दादाजींनी हात वर नेला आणि तसाच धरला. ठोकलं तर वरच्याला कळणार होतं.

"ठोका ना हो. एकडाव ठोका."

चाळीस वर्षांच्या संसारात ताराबाईनं त्यांच्याशी इतक्या मऊ आवाजात काही मागितलं नव्हतं. दादाजींनी डोळे मिटले आणि बोटाच्या पेरानं एकदाच ठोकलं.

वर गुरगुर झाली. बाहेर ताराबाई ओरडली, "आतच हाये थो!"

मग दार उघडल्याचा आवाज, सपकन पडलेलं जाळं, फिस्कारणं, झटापट, भिंतीतलं टेबल कोसळल्याचा धडाका. "धरा, धरा!" आणि नंतर सगळा आवाज अंगणात गेला.

मुलानं, पिंटूनं, झाकण उचललं. दादाजी उठेनात. डब्यातले झिंगे गळ्याशी सांडले होते आणि लुंगी ओली होती.

"काऊन उठत नाई, बाबा?"

"गेला का?"

"जाळ्यात हाये."

"केवढा होता रे?"

पिंटूनं वडिलांना हात दिला.

अंगणात वनरक्षकानं ताणकाटा आंब्याच्या फांदीला अडकवला आणि पंचनाम्यावर लिहिलं: मादी पिल्लू, वय अंदाजे सहा महिने, वजन जाळ्यासकट अकरा किलो.