छपराचा अर्ज

चर्चच्या सेक्रेटरीने कागद पुढे केला, "मावशी, गळक्या छपरासाठी अर्ज आहे." मी वाचण्यात कच्ची; सही ठोकली. संध्याकाळी नातीने तो चर्चच्या ग्रुपवर वाचला. "आजी, यात लिहिलंय, फादर निर्दोष, शिंपिणीची पोर खोटारडी!" तळपायाची आग मस्तकात गेली. फादरांनी अंगाला हात लावल्याचं त्या पोरीने माझ्याच मांडीवर रडत सांगितलं होतं. रविवारी सेक्रेटरी सर्वांसमोर कागद वाचायला उठला, तशी मीही उठले. "अडाणी बाईला गंडवतोस, मेल्या? आण इकडे!" कागद फाटेस्तोवर पेन रगडून मी माझं नाव खोडलं. शेवटच्या बाकावर एकट्या बसलेल्या मायलेकींना ओरडून म्हटलं, "चुकले गं बायांनो!" तोच बाक करकरले. बायका रांगेने पुढे येत होत्या. त्यांनाही छपरच सांगितलं होतं. सगळ्यांत पुढे फादरांची सख्खी बहीण. तिने हात पुढे केला. "मावशी, पेन द्या."