घुमटातली हवा

"एका वेळी एकच दार उघडायचं!" मुख्याध्यापिका गेडामबाईंनी महिनाभर साऱ्या शाळेला हेच बजावलं होतं. चंद्रपूरच्या उन्हातही शाळेतल्या आणि वस्तीतल्या मुलींना खो-खो खेळता यावा म्हणून खेटे घालून त्यांनी हा कापडी घुमट उभा केला होता. आत खांब एकही नाही. पंख्यांनी भरलेल्या गार हवेवरच सगळं छत तोललेलं; ती निसटू नये म्हणून एकामागे एक दोन दारं.

उद्घाटनाला पाहुणे आले, ढोल वाजला आणि बाईंचं भान हरपलं. बाहेरचं दार त्यांनी उघडलं, धावत जाऊन आतलंही सताड उघडलं. "या हो, सगळेच या!"

पाहुणे आत शिरले आणि भस्सकन हवा सुटली. बघता बघता छत पाहुण्यांच्या डोक्यावर उतरलं. सगळे वाकून बाहेर पडले. सर्वांत शेवटी बाई आल्या, अंबाडा सुटलेला.

मुली ओठ दाबून हसत होत्या. बाईंना रडूच फुटणार होतं, पण त्यांनी माइक उचलला. "घुमटाआधी माझ्याच डोक्यात हवा गेली होती. आज दोन्हीकडची निघाली. घुमटात पुन्हा भरू. माझ्यात कोणी भरू नका."

संध्याकाळी घुमट उभा राहिला. मुलींनी हट्टाने पहिला खो बाईंनाच द्यायला लावला. तो फाउल झाला.